अव्वाच्या दंडावरची ताजी खूण

मल्लप्पा,

सकाळी सहाला अव्वा न्हाणीत कोसळली. शुद्धीवर आहे, पण नाडी मध्येच थांबते. तिला दवाखान्यात ठेवलं आहे.

डॉक्टरांनी आधी विचारलं, तुमच्या आईला हाडांसाठी डी व्हिटॅमिनची सुई कोण देतंय? ती वरचेवर घेतली की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि रोजची हृदयाची गोळीच उलटते. किती सुया झाल्या हे कळेपर्यंत उपचार अंदाजानेच चालतील.

गुडघ्यांसाठी ऊन घे, सुई नको, हे मी सर्वांसमोर सांगितलं होतं. पण आपल्याकडे माया दाखवायची ती सुई देऊनच. तू तिला मंद्रूपच्या बाजाराला नेतोस, तेव्हा तिथल्या कंपाउंडरकडेही नेलंस का? रागावणार नाही, खरं सांग.

अव्वा म्हणते, "मला कुणी काय बी टोचलं न्हाय. पेपरातल्या बातम्या पेपरात हुडक की, घरात कशाला?" आणि पदर दंडावर ओढते.

मंगळवेढ्याहून आलास की भाकरी खा आणि थेट दवाखान्यात ये. चिठ्ठी खुंटीवरच्या तुझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवतोय, ती तिथेच राहू दे. तुझ्या शरणम्मा वहिनीजवळ विषय काढू नकोस.

दंडावरच्या सुयांच्या जुन्या खुणा तुझ्या वेळच्या असतील. एक मात्र कालची आहे, असं डॉक्टर म्हणतात. काल तू गावात नव्हतास, मी पेपरच्या कचेरीत होतो. शरणम्मा म्हणते, दिवसभर घरी कोणी आलं नाही. शेजारच्या बसम्माने दुपारी आपल्या दाराशी कंपाउंडरची सायकल पाहिली.

वीरभद्र