पाण्याचा डाग, तेलाचा डाग

माय, नव्या साडीवर डाग पडला की तो पाण्याचा की तेलाचा, हे लगेच का कळत नाही? दोन्ही ओले, दोन्ही सारखेच गडद. डिंडोलीच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी, तू कारखान्याच्या साड्यांचे सुटे धागे कापत बसलेली असतेस. डाग पाहून लहानगा मी पावडरचा डबा घेऊन धावतो, आणि तू माझं मनगट धरतेस. "घाई काय शे तुले? वाळू दे. पानी व्हई ते उडी जाई, तेल व्हई ते ऱ्हाई. मंग चोळ."

आता मी मेंदूच्या चित्रांवर अहवाल लिहितो. गेल्या महिन्यात डिंडोलीचाच एक लूमवरचा कारागीर डोकं दुखतं म्हणून आला. एमआरआयमध्ये त्याच्या मेंदूचा देठ, म्हणजे श्वास आणि गिळणं सांभाळणारा भाग, सुजून पांढरा झालेला. शल्यविशारद म्हणाले, "गाठच आहे. तुकडा काढून तपासू." तिथे सुई घालणं म्हणजे थेट श्वासाशी खेळ. असं चित्र ज्याचं, तो अंथरुणाला खिळलेला असायला हवा, हा मात्र स्वतः चालत येऊन विचारतो, "साहेब, डोक्यात काही निघालं का? घरवाली म्हणते, खाली खोका आहे."

मी पुन्हा पाहायला बसलो. पाण्याची हालचाल दाखवणारं चित्र सांगत होतं, आतलं पाणी मोकळं फिरतंय. पेशींची दाट गर्दी असती तर ते अडलं असतं. गाठ चित्रात उजळून दिसावी म्हणून शिरेतून दिलेलं औषधही तिथे साठलं नव्हतं. काही गाठी अशाच फसवतात, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण त्याचा रक्तदाब भलताच चढलेला होता, आणि तशा दाबाखाली रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून देठ हुबेहूब असा सुजतो. मी म्हणालो, "आधी दाब उतरवू, मग पुन्हा चित्र काढू. तोपर्यंत सुई नाही."

"आणि गाठ निघाली तर?" शल्यविशारदांनी विचारलं.

"तर ती तिथेच असेल."

आज दुसरं चित्र आलं. पांढरेपणा जवळजवळ उडून गेलाय.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून सांगतो: माझा ठामपणा तेव्हा फक्त आवाजात होता. त्या संध्याकाळी घरी येऊन मी याच कागदाच्या कोपऱ्यावर एक थेंब पाण्याचा आणि एक तेलाचा टाकला, आणि खिडकीशी बसून राहिलो. कुणीही करून पाहावं. सुकू द्यावं, मग कागद उजेडासमोर धरावा. पाण्याच्या जागी कागद नुसता किंचित सुरकुततो. तेलाचा थेंब मात्र उजेड गाळत तसाच राहतो.