दंडावरची खूण

१९ नोव्हेंबर १९५६, इंझोरी
दंडावर खूण असल्याशिवाय दूध नाही! नियम मी सुचवला, डॉक्टरांनी उचलून धरला. ज्याला देवी टोचल्या त्यालाच भुकटीचे दूध, तेही केंद्रावरच प्यायचे. मागच्या महिन्यात मला पाहिले की बाया लेकरे कपाशीच्या पऱ्हाटीत लपवायच्या. आज त्याच पोरांच्या बाह्या वर करून रांगेत उभ्या.

२१ नोव्हेंबर
गर्दी. लस संपत आली. डॉक्टर खूश.

२३ नोव्हेंबर
तांड्यावरची नानी, पाचेक वर्षांची. शेवटचा घोट गिळत नाही — गाल फुगवून पळते. दाई जमनाबाई ओरडली, "काहून वं पोरी, दूध कडू लागून राह्यलं का?"
मी मागे गेले. भिंतीआड तिची आई हिरीबाई, मांडीवर दीड वर्षाचा लखमा. नानीने तोंडातले दूध त्याच्या तोंडात सोडले.
म्हटले, आणा त्याला, टोचते. हिरीबाई लगेच उठली.
अंगडे काढले. अंगभर खरूज, बरगड्या वर आलेल्या. असल्या मुलाला टोचायचे नाही; लस अंगभर पसरली तर जीव जातो. हे मला पाठ आहे.
"थोडे अंग धरू द्या, मग टोचू."
"कायच्यानं अंग धरीन, बाई? टोचलं नाही म्हून दूध नाही, दूध नाही म्हून टोचनं नाही. तुमीच सांगा, मी याले काय करू?"


२४ नोव्हेंबर
डॉक्टरांना विचारले — एकच मूल, अपवाद म्हणून.
"नर्सबाई, नियम तुमचाच ना? आज खरूज, उद्या ताप, परवा देवीचा कौल. सगळ्याजणी कारणं घेऊन येतील."
खरे आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटले असते.


२६ नोव्हेंबर
नानी आली नाही. जमनाबाई तांड्यावरून आली. म्हणाली, "ते लहानगं आता रडून बी नाही राह्यलं."
लस टोचण्याच्या सूचनांचे पुस्तक पुन्हा काढले. तेच लिहिले आहे. दुसरे काय लिहिलेले असणार!

२७ नोव्हेंबर
हिरीबाईला केंद्रावर बोलावून घेतले. लखमाच्या दंडावर कोरडी सुई फिरवली. लस लावली नाही. जमनाबाईने खूण पाहिली, वाटी भरून दिली. सगळे प्यायला.
ती खूण पाहून आता दुसरे कोणी त्याला टोचणार नाही. मलाच टोचायचे आहे — साथ येण्याच्या आधी.