चार बाय चार

३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. गुडघ्याबद्दल मात्र तू एक अक्षर लिहीत नाहीस, म्हणजे दुखतोय.

इकडे चौथीच्या अडतीस पोरांनी मला जेरीला आणलंय. लांबी गुणिले रुंदी असं घडाघडा म्हणतात, पण क्षेत्रफळ म्हणजे काय विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघत बसतात. वीस तारखेला तपासणीची परीक्षा आहे. माझी नेमणूक तात्पुरती. वर्गाला क्षेत्रफळ आलं तर कायम करू, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ, असं मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय. तू जन्मभर फरश्या बसवतोस, तर खऱ्या खोल्यांची दोन मापं कळव. पुस्तकातल्या आयतांना पोरं विटली आहेत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठकू

८ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

गुडघा आहे तिथेच आहे. लहानपणी माझ्या वहीतून गणितं उतरवणारी बाई झाली आणि पुन्हा माझ्याच दारात आली, याची वहिनीला फार गंमत वाटते.

या आठवड्यात दोन कामं झाली. एक कोठीची खोली, चार फूट बाय चार फूट. एक बोळ, सहा बाय तीन. फरशी एका फुटाची. खोलीला सोळा लागल्या, बोळाला अठरा. एकही कापावी लागली नाही, म्हणजे पोरांनाही सोपं जाईल. नोकरीची काळजी करत बसू नकोस. तुझ्यासारखी बाई त्यांना शोधून सापडायची नाही.

आशीर्वाद आहेत, चिडवल्याचा राग नसावा.
दादा

२१ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वर्गाला तुझी मापं घातली, तेव्हा अख्ख्या वर्गाचं सोळा आलं, अठराही आलं. मी नुसती उत्तरं बघून सगळ्या वह्यांवर लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या आणि हुरळून गेले.

काल परीक्षेत सात बाय पाचची खोली आली. मी बाकांमधून फिरत होते. पहिल्या बाकावर चोवीस, दुसऱ्यावर चोवीस, पुढेही चोवीसच. सूत्र नुसतं तोंडात, पोरं चारही बाजूंची बेरीज करत होती, दादा. चार चोक सोळा होतात आणि चार वेळा चार मिळवले तरी सोळाच. सहा, तीन, सहा, तीन यांची बेरीजही अठराच. त्यांनी क्षेत्रफळ काढलंच नव्हतं, आणि मी बरोबर देत गेले.

शेवटच्या बाकावर चिमणी बसते, वर्गात कधी तोंड उघडत नाही. तिने एकटीने पस्तीस लिहिलं होतं. शेजारणीचं चोवीस बघून तिने माझ्याकडे पाहिलं. तपासायला आलेले साहेब दारातच उभे, मला मान हलवायचीही सोय नव्हती. तिने खोडरबर घेतलं आणि कागदाला भोक पडेपर्यंत खोडलं. नंतर विचारलं तर म्हणाली, की बाकी सगळ्यांनी बेरीजच केली होती आणि बाईंनी त्यांना बरोबर दिलं होतं, म्हणजे तिचंच चुकलं असणार.

मी काय करू, सांग.
ठकू

२५ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मला काही सुचत नाही. भिंतीच्या कडेने आम्ही फरशीची पट्टी लावतो. त्या खोलीसाठी दाराची जागा धरून सोळा फूट पट्टी सांगितली होती, बोळासाठी अठरा. दोन्ही आकडे एकाखाली एक मीच लिहिले आणि मला काहीच वाटलं नाही. येऊन मोठ्या बाईंना भेटू का? मापं माझी होती असं सांगतो. वहिनी म्हणते, ऐकून कोण घेणार.

कळव. वाट बघतोय.
दादा

३१ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

येऊ नकोस. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हळहळल्याही. पण अडतीस पेपरांत अडतीस चुका आहेत, त्यांच्याही हातात काही नाही. सोमवारपासून नवीन बाई येतात.

आज शेवटच्या तासाला मी जमिनीवर खडूने सात बाय पाच आखलं आणि एकेका चौकटीत एकेकाला उभं केलं. पस्तीस मावली, तीन बाहेर राहिली. सगळ्यांना कळलं, दादा. हे मला दोन आठवडे आधी सुचायला हवं होतं.

जाताना चिमणीला सांगितलं, की यापुढे बरोबर आलेलं खोडायचं नाही. तिने शहाण्यासारखी मान डोलावली. मग हळूच विचारलं, की नवीन बाई कशाला बरोबर देतात ते आधी बघून घेऊ का.

गुडघ्याला जप. माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ठकू