मुकी फटफटी

प्रिय फटफटीवाल्या,

तू खाली गॅरेजमध्ये गाडीचा कान पिळत बसला आहेस आणि मी वर स्वयंपाकघरात खिडक्या घट्ट लावून हे लिहिते आहे. एका घरात राहून नवऱ्याला पत्र लिहायचं म्हणजे अतीच झालं, मला कळतं. पण करू काय? तू रेस वाढवलीस की फडताळातले कप थडथडतात. तुझ्या त्या नव्या नळकांड्याला सायलेन्सर हे नाव कुणी दिलं, त्याला एकदा आपल्या घरी राहायला बोलाव.

वर तो कॅटचा घोळ. त्या वेल्डिंगवाल्याचा फोन मीच उचलला होता. म्हणाला, साहेबांना सांगा, कॅट कापून बाजूला ठेवलीय, घेऊन जा. माझ्या हातातलं भांडंच पडलं. म्हटलं, आता हा माणूस मांजरं कापायला लागला की काय! मग तू हसत हसत समजावलंस, कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा डबा. म्हणजे गाडीतला एकुलता एक सभ्य भाग तू कापून काढलास आणि वर मलाच अडाणी ठरवलंस. आपल्या नेहमीच्या मेकॅनिकने हात जोडले होते की हे कायद्यात बसत नाही, गाडी तपासणीत पास होणार नाही. पण तुझं आपलं ऐकावे जनाचे, करावे मनाचे. आता तो डबा माझ्या चांगल्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आहेस, चादरींच्या खाली. सगळ्या चादरींना जळका वास येतो. गाडीवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, तर तू त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावलीस. दिवा दिसला नाही म्हणजे बिघाड संपला! तुझी ही पद्धत मी संसारभर पाहत आले आहे.

शेजारच्या शिक्षिकाबाई काल दारात येऊन गेल्या. त्यांच्या सासऱ्यांना दुपारची झोप लागत नाही म्हणे. मी तुझ्या वतीने माफी मागितली. तू सोफ्यावरच होतास, पेपर वाचत. मान वर केली नाहीस, म्हणून मी बाई गेल्यावर तुला फाडफाड बोलले. तेव्हाही नाही केलीस. मला वाटलं, निर्लज्जपणाची हद्द झाली.

हे खूळ कधी शिरलं ते मला नीट आठवतं. मागच्या प्रवासाहून, घाट उतरून आपण परतलो तेव्हा. तू म्हणालास, गाडी मुकी झाली, पूर्वीसारखी बोलत नाही. मला तर ती जशी होती तशीच वाटत होती. त्याच घाटात मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, शेवटी खेटून पुढे गेला आणि माझा गुडघा थोडक्यात वाचला. तू त्याला शिव्या घातल्यास, मेल्याने साधा हॉर्नसुद्धा दिला नाही म्हणून. मी मनात म्हटलं, घाटात वाद नको. खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं.

परवा मी सुरी मागितली आणि तू सुई आणून दिलीस. मी खूप हसले, तू रागावलास. आपली नात आता फोनवर तुला मागत नाही, तुझ्या लक्षात आलं आहे का? लेक सांगत होती, तिला वाटतं आजोबा रागावलेत, ती एक विचारते आणि ते भलतंच बोलतात. तिचा आवाज बारीक आहे रे. आणि आज सकाळी, तुझी गाडी बंद होती, घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता, मी बाहेर कपडे वाळत घालत होते. किटली शिट्टी मारत होती ती मला अंगणात ऐकू आली. धावत आत आले तर तू किटलीपासून हातभर अंतरावर, निवांत, नकाशावर लेकीच्या गावाचा रस्ता आखत बसला होतास.

तिथे माझा सगळा राग गळून पडला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! गाडी मुकी झालेली नाही. बिचारीच्या पोटाची चिरफाड उगीच झाली. तुझे कान गेले आहेत, किंवा जाताहेत, आणि मला वाटतं हे तुलाही कळलं आहे. म्हणूनच त्यावरही तू चिकटपट्टी लावलीस.

मी सोमवारची कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नाही म्हणू नकोस. आधी कॅट जागेवर बसव, जुना सायलेन्सर लाव, मग आपण गाडीवरूनच जाऊ. यंत्र लावायला सांगितलं तर लाव, तुझ्या नाकावर चष्मा आला तेव्हा काही आभाळ कोसळलं नव्हतं. त्याशिवाय मी लेकीकडे तुझ्यामागे बसून येणार नाही, ट्रक काही आपल्यासाठी थांबत नाहीत. मला भीती वाटते, आणि तुला सोडून एकटीने बसने जायचं माझ्या जिवावर येतं. हे सगळं सकाळपासून दोनदा तुझ्या पाठीमागे उभी राहून बोलले. तू वळलाच नाहीस. हळू बोललेलं तुला पोचत नाही, आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडून सांगण्यासारखं हे नाही. म्हणून लिहिलं.

तुझीच,
मागच्या सीटवरची