सर्वांसाठी एकच गठ्ठा

५ एप्रिल १९७६, सकाळ
गिरणीच्या कॉम्प्युटर विभागाची किळस आली आहे. प्रोग्रॅम कुणाचाही असो, त्याच्या डोक्यावर तो तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला सूचना देणारी कार्डं लावावीच लागतात. ती इथं प्रत्येक जण भोकं पाडून आपापली पंच करतो. कुणाचं कुणाशी जुळत नाही. शेजारच्या बाकावरच्या शिवपुत्रच्या कार्डांना तर शेंगाचटणीचं तेल. शी.
आजपासून सगळ्या प्रोग्रॅमना मिळून एकच गठ्ठा. तो मी करणार. इन्चार्ज व्हायला लायक कोण, हे हंचाटे मॅनेजरसाहेबांना त्यातून आपोआप कळेल. कोपऱ्यातली रिकामी केबिन इन्चार्जची आहे. पंखाही तिथंच आहे.

७ एप्रिल
गठ्ठा तयार. लाल रबरबँड. वर चिठ्ठी: 'सर्वांसाठी. हात धुऊन घ्यावा.'
माझा हजेरीचा प्रोग्रॅम लावला की मशीन पानंच्या पानं वॉर्निंग छापतं. हे तपासा, ते बघून घ्या. नव्या सुनेला सासू बोलते तसं. वीट आला. वॉर्निंग छापू नये असं सांगणारं एक कार्ड गठ्ठ्यात घातलं. काय शांतता!

१२ एप्रिल
अख्ख्या विभागातल्या चुका संपल्या. सगळ्यांचे कागद स्वच्छ. एका गठ्ठ्यानं हे केलं. साहेबांना जाऊन सांगितलं. खूश झाले. केबिनचं मे महिन्यात बघू म्हणाले.

१५ एप्रिल
पगाराचा प्रोग्रॅम बघणाऱ्या विजयमालाबाई आल्या. म्हणे चुका गेलेल्या नाहीत, मशीन फक्त बोलायचं थांबलंय, तेवढं एक कार्ड काढा. मी विचारलं, प्रत्येकानं एकेक कार्ड काढलं तर एकच गठ्ठा कशाला? गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या.
आता स्वतःची कार्डं पर्समध्ये घेऊन फिरतात. किळसवाणा स्वार्थ.

२२ एप्रिल
शिवपुत्रचा कापसाच्या साठ्याचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात पास. एकदा तपासू का, असं विचारत होता. गठ्ठ्यावर विश्वास ठेव म्हटलं.
रिपोर्ट साहेबांकडे गेला. गोडाऊनमध्ये फक्त बारा गासड्या शिल्लक! साहेबांना घाम फुटला. लगेच कापसाची ऑर्डर दिली. मशीन वेळेवर बोललं म्हणून गिरणी वाचली. मशीनला वळण कुणी लावलं, हे लिहायला नको.
संध्याकाळी केबिनचं माप घेतलं. टेबल खिडकीकडे.

२९ एप्रिल, दुपार
बाहेर रणरणतं ऊन. गेटपासून अक्कलकोट रोडपर्यंत कापसाचे ट्रक उभे. स्टोअरकीपर नागप्पा दारात येऊन म्हणाला, “सायब, गोडाऊन गच्च भरलंय की. ह्या गासड्या कुटं उतरवू?”
झालं असं की गोडाऊनमध्ये एक हजार बारा गासड्या होत्या. शिवपुत्रनं त्या आकड्याला प्रोग्रॅममध्ये तीनच घरं ठेवली. पुढचा एक गळून पडला, मागचे बारा राहिले. गबाळा माणूस.
विजयमालाबाई साहेबांसमोर म्हणाल्या, की मशीन अशा वेळी वॉर्निंग देतं. साहेबांनी विचारलं, मग दिली का नाही? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चटणीच्या डागांकडे लक्ष वेधलं. कुणीही गंभीरपणे घेतलं नाही.

३० एप्रिल
साहेबांनी आत बोलावलं. म्हणाले, “मशीनचं तोंड बांधलंत. आता काही दिवस आपलंही बांधा.”
गठ्ठा जप्त. लाल रबरबँडसकट. पुन्हा या लोकांचं भलं करायला जाणार नाही. लायकीच नाही. रडू येत होतं, पण शिवपुत्र समोर होता.

४ मे
केबिन भरली. गासड्यांनी. थेट छतापर्यंत. कापूस उडतो म्हणून पंखाही बंद.
विजयमालाबाई इन्चार्ज झाल्या. केबिन नाही म्हणून माझ्या टेबलावर बसतात. मी शिवपुत्रच्या बाकावर. समोर त्याचा डबा, तेल गळतंय.
हजेरीचा प्रोग्रॅम आजच चालवायचा होता. माझ्याकडे कार्डं नाहीत. शेवटी विजयमालाबाईंची मागितली. त्यांनी पर्स उघडली आणि विचारलं, हात धुतलेत का?
धुऊन आलो.