सुमनबाईंचा डावा कान

बीदर, ६ फेब्रु. १९७९
औरादच्या शाळेतल्या सुमनबाई आल्या, बरोबर वडील. डावा कान लहानपणापासून वाहतो. पडद्याला भोक, सध्या महिनाभर कोरडा. वर्ग उजव्या (उ.) कानावर चालवतात. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तपासणीचा घुमणारा चिमटा, वाजवून डाव्या कानामागच्या हाडावर टेकवला. "ऐकू येतंय?" "व्हय." दर वेळी व्हय. हाडातून ऐकू येतं, म्हणजे नस शाबूत. माझा अंदाज: पडदा बसवला की ऐकू येणार, दहात नऊ. तोंडावर सांगूनही टाकलं.

मशीनवरच्या तपासणीला हैदराबादला पाठवायचं होतं. वडील म्हणाले, "तिला रजा न्हाई, साहेब." मीही जोर केला नाही.

१५ फेब्रु.
ऑपरेशन झालं. पडदा छान बसला. स्वतःवर खूश.

२७ मार्च
पडदा धरला, कान कोरडा. ऐकू थोडं उशिरा येईल म्हणालो. मुलांचं ऐकू येत नाही म्हणून हेडमास्तर सुमनबाईंना कचेरीतलं लिखापढीचं काम देत होते. बाईंनी नको म्हटलं. "डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय ना, ऐकू येईल." ऐकून बरं वाटलं मला. वाटायला नको होतं.

१९ जून
मागच्या बाकांवरचं अजून ऐकू येत नाही, पालकांची तक्रार. फोर्क टेकवला. "व्हय." शंका आली. न वाजवताच टेकवला. "व्हय."

"बाई, हा वाजवलाच नाही मी."

मान खाली. "तुम्ही एवढं करायलाव. न्हाई कसं म्हणू?"

"पहिल्या वेळीही?"

उ. कानात दुसरा आवाज सोडून, तो गुंतवून, पुन्हा तपासलं. डाव्याची नस गेलेली, बहुधा कधीचीच. डॉक्टरला नाही म्हणायचं नसतं, ही इकडची रीत. मी उदगीरचा, माझी आईही तसंच करते. मला कळायला हवं होतं.

२० जून
ओपीडीत दिवसभर चिडचिड. सिस्टरवर उगाच ओरडलो. चूक बाईंची नाही. मला होकार हवा होता, तो मिळाला. फार लाज वाटते.

५ जुलै
आता उ. कानही वाहू लागलाय. कचेरीचं काम दुसऱ्याला गेलं. बाई म्हणतात, ह्याचं ऑ. करा. चालता कान हा एकच, त्याला हात लावायला जीव धजत नाही. वाहत राहिला तर तोही जाईल. दोन्ही सांगितलं, फोड करून.

"तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

वडील दारातून आत आले. "सही कुठं करू?"

संमतीचा कागद मी अजून काढलाच नव्हता.