फिरून येते

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

गेले! एकदाची गेले. पहाटे साडेपाचला चपला घातल्या, दाराशी "फिरून येते" म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता निघाले. तांड्यापासून नाल्याच्या पुलापर्यंत. येताना धाप लागली, पोटऱ्या भरून आल्या. तरी गेले!

महागावच्या डॉक्टरांनी छापील कागद दिलाय. रोज एक सफरचंद. ओट्स. पोहणे. — पोहणे! कुठे, नाल्यात? ओट्स म्हणजे काय ते फुलसावंगीच्या मेडिकलवाल्यालाही ठाऊक नव्हतं. तो कागद माझ्या अंगणवाडीच्या कपाटात टाकला आणि माझा मी लिहिला. पुलापर्यंत चालणं. चहात साखर अर्धी. तेल महिन्याला चारऐवजी तीन किलो. जमेल तेवढंच लिहिलं. न जमणारे नेम करण्यात शुगर निघाल्यापासूनची सात वर्षं घालवलीत.

शुगरनेच आईचा पाय गेला. माझा मी जाऊ देणार नाही. बस.

९ नोव्हेंबर

बाईमाणसाने रिकाम्या हाताने चालायचं नसतं म्हणे! शेजारची लालीबाई कापूस वेचणीला निघाली होती, मला बघून थांबलीच. "काहून वो उज्ज्वला, भांडन झालं का घरी? माहेरी चालली?" पुढे भेटलेल्या दोघींनीही हेच विचारलं. डोक्यावर भारा असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

१० नोव्हेंबर

डोक्यावर रिकामी टोपली घेऊन गेले. कुणी काही विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर

चार दिवस टोपलीला फिरवून आणलं. शुगर तिला आहे की मला? आजपासून टोपली घरी. विचारा काय विचारायचं ते!

१९ नोव्हेंबर

सासूबाईंचं तोंड सुरू झालं. मानीबाई बोलायला लागल्या की अख्खा तांडा ऐकतो. "आपले बापदादे बैलाईवर मीठ लादून मुलूखभर पायी हिंडले. पाय चाले तवा पोट भरे. अन् हे पोट कमी कराले चालून राह्यली!" ओट्यावरच्या बायका खो खो हसल्या. हसू मलाही आलं, पण दाखवते कशाला?

म्हटलं, "त्याइले शुगर होती का, याडी?" सासूलाही आम्ही याडी, म्हणजे आईच म्हणतो.

"शुगर? बसाले फुरसत कोनाले होती!"

"तेच तं म्हनून राह्यली मी."

उठून आत गेल्या. अर्धा तास तरी.

२८ नोव्हेंबर

पूल मागे पडला, आता फाट्यापर्यंत जाते. फुलसावंगीला अंगणवाडीच्या बैठकीलाही जाताना पायी, ऑटो फक्त येताना. प्रेमसिंग ऑटोवाला म्हणतो, "वैनी, पाच रुपयासाठी एवढी तंगडतोड?" हो, पाच रुपयासाठीच! महिन्याच्या खेपा वाचल्या की माझ्या गोळ्यांची निम्मी सोय होते. मानधन तीन-तीन महिने येत नाही, गोळी रोज लागते.

भाकरीला ज्वारी विकत घ्यावी लागली, त्याचा फार राग आला. वावरभर पऱ्हाटी आणि पीठ बाजारातून! ह्यांना म्हटलं, पुढच्या पेरणीत एक एकर खायची ज्वारी पेरा. कापूस काही ताटात वाढता येत नाही. हे काहीच बोलले नाहीत. हल्ली बोलतच नाहीत. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगेन.

३ डिसेंबर

लालीबाईच्या घरी पुरणपोळी. अर्धीच खाल्ली. अर्धी! जीव तुटला.

११ डिसेंबर

गेले काही दिवस वाटत होतं, मागे कुणीतरी असतं. मी थांबले की तेही थांबतं. आज वळणावर लपून उभी राहिले. धुक्यातून घोंगडी आली— आमच्याच घरची! घोंगडीत हे!

लग्नाच्या विसाव्या वर्षी संशय! मी कुणाला भेटायला जाते असं वाटतं ह्यांना? पायाला भेगा, डोळ्याला चष्मा, पदराच्या गाठीत शुगरची गोळी— अशा बाईला कोण भेटणार आहे पहाटे साडेपाचला? डोक्यात तिडीक गेली. बोलले मात्र नाही. पाय आणखी जोरात टाकले. चला मागे मागे, दमा!

१८ डिसेंबर

आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा ठरवूनच निघाले. मुद्दाम वाट बदलली, वावरातल्या विहिरीकडची पाऊलवाट धरली. तर हे धावतच आले. दंड घट्ट धरला. "तिकडं कायले चालली?"

मी तोंडाला येईल ते बोलले. पाळत ठेवता? वीस वर्षं तुमचं घर केलं त्याचं हे बक्षीस? सगळं वावर ऐकेल अशा आवाजात बोलले. हे खाली बघत उभे. मग म्हणाले, "शंकरसिंग बी असंच म्हनून गेलता. जरा फिरून येतो म्हने."

शंकरसिंग ह्यांचा जिवाचा दोस्त. मागच्या पोळ्यानंतर त्याने जीव दिला. घरातून निघताना तो काय म्हणाला, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी रोज दाराशी तेच म्हणत होते!

राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "मी मराले नाही चालली, जगाले चालली. मागून नका येऊ, बाजूनं या."

आले.

२ जानेवारी २००७

शुगर दोनशे दहावरून एकशे बावन्न! उपाशीपोटीची. डॉक्टरांनी विचारलं, कागद पाळता ना? म्हटलं, पाळते. कुणाचा ते सांगितलं नाही.

रोज दोघं जातो. लालीबाईची जीभ काही राहत नाही. "आता दोघंई माहेरी चालले का वो?" म्हटलं, "हो, तूबी चाल!"

५ जानेवारी

फाट्यावर हे खाली बसले ते उठेचनात. बोलले ते माझ्याकडे न बघता. "तू पयल्यांदा गेली ना, त्या दिवशी मी जागाच होतो. मीच निघालतो. तू आधी उठली. फिरून येते म्हटलं तुनं, अन् मले वाटलं तूबी तेच कराले चालली. म्हनून तुह्या मागं आलो."

दोन महिने मला वाटत होतं, मी माझा पाय वाचवतेय.

तिथेच रस्त्यावर रडले. मग हात धरून उठवलं ह्यांना, घरापर्यंत सोडला नाही. बघू देत लोकांना! नेम सोमवारपासून धरतात, ह्याला सोमवारची वाट बघायची नाही. उद्याच महागाव. दोन केसपेपर काढायचे, आधी ह्यांचा.